दोन सेकंदांत पन्नास स्फोट

बालेवाडीकडून हिंजवडीला जाताना महाळुंगेला सकाळी जी रांग लागते, तिच्यात एखादी गाडी सेल्फ मारताच धरते, भुर्र करते आणि गपकन बंद पडते. मागून हॉर्नचा गजर. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. ‘इंजिन मुळीच न धरण्यापेक्षा हे बरं’ असं त्या घटकेला म्हणणाऱ्याची खैर नाही. पण मेकॅनिकला विचारलं, तर तो हेच म्हणेल.

हिशेब करून पाहा. आयडलिंगला चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते, म्हणजे चारांत मिळून सेकंदाला जवळपास २७. दोन सेकंद चाललेल्या इंजिनाने पन्नासवर स्फोट घडवलेले असतात! पन्नासही वेळा पेट्रोलचा फवारा आला, त्यात पेटण्याजोगी हवा मिसळली, पिस्टनने ते मिश्रण दाबलं आणि ठिणगी वेळेवर पडली. बॅटरी, स्टार्टर, प्लग, टायमिंग बेल्ट ही मंडळी संशयातून जवळजवळ सुटलीच. उरतो एकच प्रश्न : इंजिनाने धरल्यानंतर नेमकं काय बदललं?

जुन्या, पॉइंट-कॉइलच्या काही गाड्यांत हा बदल अगदी उघडा दिसतो. सेल्फ मारला की स्टार्टर मोटर एवढा करंट ओढते की १२ व्होल्टची बॅटरी तेवढ्यापुरती नऊ-दहावर उतरते. तरीही ठिणगी सणसणीत पडावी म्हणून कॉइलच कमी व्होल्टेजची बसवायचे आणि एरवी ती तापून जळू नये म्हणून वाटेत बॅलास्ट नावाचा रेझिस्टर घालायचे. सेल्फ मारताना वीज बॅलास्टला वळसा घालून थेट कॉइलकडे जाते, चावी सोडली की बॅलास्टमधून. आता बॅलास्टचीच तार जळालेली असली तर? चावी ताणून धरली आहे तोवर इंजिन फुरफुरतं, बोटं सैल केली की त्याच क्षणी मरतं. मीटर नाही, स्कॅनर नाही, नुसत्या मनगटाच्या हालचालीवर निदान. इतका देखणा बिघाड मला दुसरा माहीत नाही.

आजच्या गाडीत त्याच दोन सेकंदांवर चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरचं राज्य असतं. चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असू शकते. रिमोटला सेल लागतो, हिला लागत नाही. चावीच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं. त्याच्या चुंबकीय क्षेत्रावरच चिप जागी होते आणि आपला संकेत कळवते. तो पटला नाही, तर काही मॉडेलांत इंजिन धरतं खरं, पण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, लगेच पेट्रोलचे इंजेक्टर बंद करतो. डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असतो आणि मालक मात्र पंप बदलायला निघालेला असतो. घरातली दुसरी चावी लावून पाहायला पैसे पडत नाहीत.

गाडी सुरू होऊन नीट चालते, पण सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मान टाकते, असं असेल तर थ्रॉटल बॉडी उघडून बघावी. आयडलिंगला तिची झडप जवळजवळ मिटलेली असते. कडेच्या फटीतून हवा जेमतेम शिरते आणि काजळी नेमकी तिथेच धरते. क्लीनर आणि फडकं, एवढ्यावर बहुधा भागतं. गरम झाल्यावरच बंद पडणारी आणि थंड झाली की निमूट चालणारी गाडी असेल, तर संशय क्रँक सेन्सरवर. अनेक इंजिनांत क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती खिंड समोरून गेली की पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला कळतं. तापल्यावर सेन्सरच्या आतली तार तुटक झाली, की ईसीयू आंधळा होतो आणि ठिणगी व पेट्रोल दोन्ही थांबवतो. स्कॅनरवर पी०३३५ हा कोड दिसला, तर संशयाला बळ येतं.

सीएनजीच्या गाड्यांचं निराळंच. त्यातल्या बऱ्याच पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर आपोआप गॅसवर जातात. नेमक्या त्या बदलीला गचका देऊन बंद पडली, तर रेग्युलेटर, गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर तपासायचे. पण उलटं असेल, म्हणजे गॅसवर झकास आणि पेट्रोलवर धरून लगेच बंद, तर टाकीतला पंप बघावा. हा पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. ‘गॅस आहे ना’ म्हणून वर्षभर काटा रिझर्व्हवर ठेवणारे त्याला कोरडा भाजतात. मग लाइनीत उरलेल्या दाबावर इंजिन धरतं आणि तेवढं संपलं की थांबतं.

चावी ऑन केली की बहुतेक गाड्यांत, सेल्फ मारण्याआधी, मागच्या सीटखालून क्षण-दोन क्षण बारीक घूं ऐकू येते. तो या पंपाचा आवाज. तो आलाच नाही तर फ्यूज, रिले, मग पंप, या क्रमाने बघत जावं. तेवढ्यापुरता डेकवरचा एफएम बंद केला म्हणजे झालं.