शब्दांचे मोल जाणणारा गीतकार

१८९३ साली रशियातून एक निर्धन ज्यू कुटुंब न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. त्यातील पाच वर्षांचा मुलगा पुढे अर्विंग बर्लिन या नावाने अमेरिकेचा लाडका गीतकार झाला.

तेराव्या वर्षी पितृछत्र हरपले. वर्तमानपत्रे विकून आणि गल्लोगल्ली गाऊन त्याने पोट भरले. पुढे एका उपाहारगृहात गात गात वाढप्याचे काम करतानाच, १९०७ साली, त्याचे पहिले गीत छापले गेले. चाल दुसऱ्याची, शब्द याचे; हाती आले अर्ध्या डॉलरहूनही कमी!

तरीही लेखणी थांबली नाही. १९०९ मध्ये एका संगीत-प्रकाशकाकडे त्यांना गीतकाराची नोकरी मिळाली आणि १९११ च्या 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड'ने त्यांची कीर्ती समुद्रापार नेली. स्वरलिपी त्यांना अवगत नव्हती. पियानोवर ते मुख्यतः काळ्या पट्ट्याच वाजवीत. १९१२ मध्ये विवाहानंतर काही महिन्यांतच पत्नी डोरोथी विषमज्वराने निवर्तली. ते दुःखही त्यांनी गीतातच उतरवले.

त्या काळी उपाहारगृहे गिऱ्हाईक रमवण्यासाठी गीते वाजवीत. रचनाकारास मात्र कवडीही मिळत नसे. म्हणून १९१४ मध्ये गीतकार, संगीतकार व प्रकाशकांनी 'अ‍ॅस्कॅप' ही संस्था उभारली. बर्लिन तिचे संस्थापक-सदस्य. 'आम्ही गाण्याचे वेगळे पैसे घेत नाही,' हा उपाहारगृहांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये अमान्य केला. गिऱ्हाईक जे मोल देते, त्यात संगीताचाही वाटा असतो, हे न्यायमूर्ती होम्स यांचे तत्त्व कोणत्याही व्यापाऱ्यास सहज पटावे. १९१९ मध्ये बर्लिन यांनी स्वतःची प्रकाशन-पेढी काढली आणि आपल्या शब्दांची मालकी आपल्या हाती ठेवली.

हक्कासाठी इतका दक्ष असलेला हा माणूस देतानाही मागे सरला नाही. १९१८ मध्ये लिहून बाजूला ठेवलेले 'गॉड ब्लेस अमेरिका' १९३८ साली नभोवाणीवरून घरोघरी पोहोचले. त्याचे उत्पन्न त्यांनी न्यासाकरवी बालवीर व वीरबाला संघटनांस अर्पण केले.

१९८९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. आपल्या श्रमाचे मोल चोख वसूल करणे आणि त्यातील काही समाजाच्या ओंजळीत घालणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या वहीत शेजारी-शेजारी नांदल्या.