ऑपरेटिंग सिस्टिमची परिभाषा : तीन जोड्यांतील फरक

विद्यार्थी तासभर निबंध टंकलिखित करतो, वीज जाते आणि मजकूर नाहीसा होतो. ‘मेमरीत तर होता!’ असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे खरे असते. परंतु मेमरी म्हणजे काय, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. व्याख्या पाठ होतात, पण दोन संज्ञांमधील भेद कळत नाही, ही संगणकाच्या प्राथमिक अध्यापनातील मुख्य उणीव आहे.

यंत्राचे सुटे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात संचालन प्रणाली. तिची परिभाषा पुढील तीन जोड्यांतून समजावता येते.

मेमरी आणि साठा : मेमरी (रॅम) हा वर्गातला फळा होय, डिस्क ही वही. चालू काम फळ्यावर होते आणि वीज जाताच फळा पुसला जातो. ‘सेव्ह’ करणे म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवून घेणे. काही प्रोग्रॅम अधूनमधून हे आपोआप करतात. पण सर्वच करतात असे नाही.

प्रोग्रॅम आणि प्रोसेस : प्रोग्रॅम हे पाठाचे टाचण, तर प्रोसेस हा प्रत्यक्ष चाललेला तास. एकाच टाचणावरून दोन तुकड्यांत दोन तास होतात, तसा एकच प्रोग्रॅम दोनदा उघडल्यास साधारणतः दोन प्रोसेस चालतात. प्रत्येक प्रोसेसला प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा, याचे वेळापत्रक ऑपरेटिंग सिस्टिम आखते. हे वाटे काही मिलीसेकंदांचे असल्यामुळे सर्व कामे एकाच वेळी चालल्याचा भास होतो.

कर्नल आणि शेल : बदामाचा मगज आणि त्याचे कवच, असाच या शब्दांचा मूळ अर्थ आहे. ‘मगज’ हा फारसीतून आलेला शब्द मराठी व उर्दू दोन्ही भाषकांच्या ओळखीचा असल्याने वर्गात तो उपयोगी पडेल. मेमरी, वेळ व उपकरणे यांची वाटणी कर्नल करतो; आज्ञा स्वीकारून त्या पुढे पोहोचवण्याचे काम शेलकडे असते. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये 1969 साली सुरू केलेल्या युनिक्समध्ये ही विभागणी स्पष्ट दिसते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा काटेकोरपणे पाहता कर्नलच होय. अँड्रॉइड फोनही याच कर्नलवर चालतात. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने संगणक हाताळलेला नाही, त्याच्या खिशातही हा मगज असू शकतो.

इंग्रजी संज्ञा तशाच ठेवाव्यात की त्यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत, हा वाद दुय्यम आहे. भेद स्पष्ट झाला की कोणताही शब्द चालतो. म्हणून परीक्षेत ‘व्याख्या लिहा’ असे विचारण्यापेक्षा ‘वीज गेल्यावर काय उरेल व का?’ असे विचारावे. उत्तरावरून विद्यार्थ्याला विषय कितपत कळला, ते लगेच उमगेल.