सुरांच्या शोधात निघालेला मिकी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याने निघालात, की चौदा किलोमीटरवर चितेगाव लागते. तेथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचे दूरदर्शन संच एके काळी घरोघरी दिसत. (२०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.) तुमच्या आईवडिलांना विचारून पाहा. अशाच एखाद्या संचाला व्हिडिओ खेळाचे यंत्र जोडून त्यांनी सुट्टीतल्या दुपारी घालवल्या असतील. त्या यंत्रांतले संगीत कसे तयार होत असे, हे आज एका फसलेल्या खेळावरून समजून घेऊ.

खेळाचे नाव ‘फँटेजिया’. १९९१ साली सेगा कंपनीने तो आपल्या मेगा ड्राइव्ह यंत्रासाठी काढला. तयार केला होता फ्रान्सच्या इन्फोग्राम्सने. डिस्नेच्या १९४० मधील त्याच नावाच्या चित्रपटावर तो बेतलेला आहे. मिकीला डुलकी लागते, सूर चोरीला जातात आणि ते गोळा करण्यासाठी त्याला जल, पृथ्वी, वायू, अग्नी अशा जगांतून उड्या मारीत हिंडावे लागते. कल्पना सुरेख आहे, चित्रेही देखणी आहेत. मग बिघडले कोठे?

पहिली अडचण संगीताचीच. चित्रपटात फिलाडेल्फियाचा भला मोठा वाद्यवृंद वाजतो. मेगा ड्राइव्हमध्ये मात्र ध्वनीच्या दोनच सोयी होत्या. एका चकतीतून एका वेळी सहा स्वर निघत, दुसरीतून साध्या चौकोनी लहरींचे तीन स्वर आणि एक खरखर. एका लहरीने दुसरीची कंप्रता भराभर बदलली, की नवा नाद जन्मतो. जॉन चाउनिंग यांनी ही युक्ती १९७३ मध्ये प्रसिद्ध केली आणि पहिली चकती तिच्यावरच चाले. घंटेसारखे टणत्कारी आवाज तिला छान जमतात. पण वीस व्हायोलिने एकत्र वाजतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर वेगळा असतो आणि त्या फरकातूनच भरदारपणा येतो. सहा स्वरांत तो कसा आणणार?

मग खरा वाद्यवृंदच मुद्रित करून का भरला नाही? हिशेब करा. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. त्या काळच्या ५१२ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये (मुले तिला ‘कॅसेट’ म्हणत) तीन सेकंदही मावले नसते!

दुसरा दोष उड्यांचा. अशा खेळांत यंत्राला मिकी दिसत नाही. त्याच्याभोवती कल्पिलेला एक अदृश्य आयत तेवढा कळतो. दोन आयत एकमेकांत शिरले, की टक्कर झाली. आयत चित्राशी नीट जुळवला नाही, तर शत्रू दूर असतानाच मिकीला मार बसतो, नाहीतर नेमकी उडी वाया जाते. टक्करींच्या या ढिसाळपणाबद्दल समीक्षकांनी ‘फँटेजिया’ला बरेच फटकारले, आणि माझ्या मते ते योग्यच होते. बेसूर संगीत एक वेळ चालवून घेता येते, पण हातातली चूक नसताना हरणे कोणाला आवडेल?

आता आपल्या दूरदर्शन संचाकडे वळू. भारतातील पाल पद्धतीत पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जाई, जपान-अमेरिकेत सुमारे ६० वेळा. पुष्कळ खेळ पडद्याच्या प्रत्येक फेरीला संगीत एक पाऊल पुढे सरकवीत. समजा, दर ३० फेऱ्यांनी एक मात्रा पडते. तिकडे मिनिटाला १२० मात्रा होतील, आपल्याकडे १०० च. १९९१ चा ‘सोनिक’ युरोपातही याच पाल पद्धतीमुळे मंद चाले.

गंमत अशी, की लय मंदावली तरी सूर उतरत नसे. टेपरेकॉर्डर हळू फिरला तर आवाज घोगरा होतो, येथे तसे घडत नाही. कारण स्वराची कंप्रता पडदा ठरवीत नाही. ती ध्वनीच्या चकतीला चालवणाऱ्या स्फटिकाच्या कंपनांवरून ठरते, आणि ती दोन्हीकडच्या यंत्रांत जवळजवळ सारखीच होती. एखादे गाणे संगणकावर ‘टेम्पो’ बदलून ऐका, मग ‘स्पीड’ बदलून ऐका. फरक लगेच कानांना कळेल.