मालक नसलेलं नाव

२८ मे १९४५. जर्मनीच्या उत्तर टोकाला, फ्लेन्सबर्गजवळच्या रानात दोन ब्रिटिश अधिकारी सरपण गोळा करत होते. तिथे भेटलेला एक माणूस आधी फ्रेंचमध्ये बोलला, मग इंग्रजीत म्हणाला, इकडे अजून थोडी लाकडं आहेत. तेवढ्यावर दोघांचे कान टवकारले. हा आवाज त्यांनी रेडिओवर ऐकला होता. विल्यम जॉइस का, असं विचारताच त्याचा हात खिशाकडे गेला आणि गोळी सुटली. खिशात पिस्तूल नव्हतं, खोट्या नावाची कागदपत्रं होती. गोळी झाडणारा जेफ्री पेरी हा हिटलरच्या राज्यातून निसटलेला जर्मन ज्यू.

हाच तो बर्लिनहून रेडिओवर नाझींचा प्रचार करणारा ‘लॉर्ड हॉ-हॉ’. हे नावही मुळात त्याचं नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये ‘डेली एक्सप्रेस’च्या रेडिओ-समीक्षकाने ते दुसऱ्याच एका निवेदकाच्या उच्चारांवरून ठेवलं होतं. जॉइस गाजला आणि नाव त्याला चिकटलं. जन्म ब्रुकलिनचा, बालपण आयर्लंडात; ब्रिटिश पासपोर्ट मिळवला तो जन्मस्थळ खोटं सांगून. त्या पासपोर्टच्या आधारेच न्यायालयाने त्याला राजद्रोही ठरवलं आणि ३ जानेवारी १९४६ रोजी त्याला फाशी झाली. या ज्यूद्वेष्ट्या माणसाबद्दल मला कणव नाही, पण खोट्या कागदावर उभा केलेला तो खटला मला पटत नाही.

त्याच बर्लिनहून १९४२ मध्ये सुभाषबाबूंचा आवाज आझाद हिंद रेडिओवरून हिंदुस्थानात पोचत होता. त्याच वर्षी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार जागा बदलत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवत होते. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या, चार वर्षांची शिक्षा झाली. सरकारदरबारी हे सगळेच गुन्हेगार. म्हणून अशा खटल्यांत नुसता निकाल वाचून भागत नाही. कोण, कुणासाठी, काय बोललं ते पाहावंच लागतं.

तसं पाहिलं की इव्हा तोगुरीची कहाणी जिवाला लागते.

ती लॉस एंजेलिसची, जन्म ४ जुलै १९१६, प्राणिशास्त्राची पदवीधर. १९४१ मध्ये आजारी मावशीला भेटायला जपानला गेली आणि युद्धामुळे तिथेच अडकली. अमेरिकन नागरिकत्व सोड, म्हणून पोलीस मागे लागले. तिने सोडलं नाही. पोटासाठी रेडिओ टोकिओत टायपिस्ट झाली. तिथे बळजबरीने कामाला जुंपलेला ऑस्ट्रेलियन युद्धकैदी चार्ल्स कझेन्स याने तिला ‘झीरो अवर’ या कार्यक्रमासाठी निवडलं. तो लिहून द्यायचा, ती ‘ऑर्फन अ‍ॅन’ या नावाने वाचायची आणि तबकड्या लावायची. कैद्यांसाठी चोरून खाणं न्यायची.

‘टोकिओ रोझ’ असं कुठलीच निवेदिका स्वतःला म्हणवत नव्हती. पॅसिफिकमधल्या सैनिकांनी जपानी रेडिओवरच्या बायकांच्या आवाजांना मिळून ते नाव दिलं होतं. युद्ध संपल्यावर वार्ताहरांना त्या नावाची बाई हवी होती. मुलाखतीसाठी दोन हजार डॉलर देऊ केले गेले. घरी परतायला पैसे हवे होते. इव्हाने सही केली. पैसे मिळाले नाहीत, नाव मात्र मिळालं. वर्षभर कोठडीत ठेवून, पुराव्याअभावी सोडून, ओरड झाल्यावर तिला पुन्हा धरलं. १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठपैकी एकच आरोप सिद्ध धरला गेला: बुडालेल्या जहाजांबद्दल ती मायक्रोफोनवर बोलली. दहा वर्षं कैद, दहा हजार डॉलर दंड. वेस्ट व्हर्जिनियातल्या ज्या तुरुंगात तिने सहा वर्षं काढली, तिथेच बर्लिनची ‘अ‍ॅक्सिस सॅली’, मिल्ड्रेड गिलर्स, शिक्षा भोगत होती.

१९७६ मध्ये दोन मुख्य साक्षीदारांनी ‘शिकागो ट्रिब्यून’च्या वार्ताहराजवळ कबूल केलं की, दबावाखाली आपण खोटी साक्ष दिली. १९ जानेवारी १९७७ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी इव्हाला माफी दिली. माफी अपराध्याला देतात. तिच्या बाबतीत माफी मागायची होती ती सरकारने. २००६ मध्ये शिकागोत ती वारली, तेव्हा मृत्युलेखांच्या मथळ्यांतही ‘टोकिओ रोझ’ हेच नाव होतं.