हप्त्याची मालकी : हार्बरफ्रंटच्या रस्त्यावरील मालमोटारी

सिंगापूरच्या दक्षिण किनाऱ्यावर हार्बरफ्रंट येथे उतरणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम खिळते ती सेंटोसा बेटाकडे जाणाऱ्या रज्जुमार्गाच्या पाळण्यांवर, बाटाम बेटाकडे निघालेल्या बोटींवर आणि १९२७ सालच्या सेंट जेम्स वीजगृहाच्या जुन्या इमारतीवर. त्याच वेळी लगतच्या केपेल रस्त्यावरून लोखंडी कंटेनर वाहणाऱ्या प्रचंड मालमोटारी एकामागून एक जात असतात. तिकडे सहसा कोणी पाहत नाही. या गाड्यांच्या सुकाणूवर बसलेल्या माणसाचे पोट कसे चालते, आणि ज्या गाडीवर त्याचे पोट चालते ती गाडी खरोखर कोणाची, हा प्रश्न मात्र त्या रज्जुमार्गाहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे. करारावर अंगठा उठवून समुद्र ओलांडलेल्या पूर्वजांच्या वंशजांस तर तो परका वाटण्याचे कारणच नाही.

या बंदरास पूर्वी ‘न्यू हार्बर’ म्हणत. १९०० साली ॲडमिरल हेन्री केपेल यांचे नाव त्यास देण्यात आले. त्यापूर्वीच, १८६४ साली, तंजोंग पगार डॉक कंपनी स्थापन होऊन येथे गोद्या उभ्या राहू लागल्या होत्या. गोदी शहरापासून दूर होती आणि माल बैलगाड्यांतून न्यावा लागे. गाडीवानांच्या धंद्यात हिंदी लोकांचा भरणा मोठा होता. शहरातील क्रेटा आयर या वस्तीच्या नावाचा अर्थच मुळी ‘पाण्याची गाडी’ असा आहे. बैलगाडीने घरोघर पाणी पुरविले जाई, त्याची ती आठवण. पुढे १८८० साली माणसाने ओढावयाची रिक्षा आली. तंजोंग पगारच्या नाक्यावर १९०३ साली बांधलेले रिक्षा-नोंदणीचे ठाणे आजही उभे आहे. ही रिक्षा ओढणाऱ्याची नसे. ती मालकाकडून भाड्याने घ्यावयाची, भाडे आधी चुकते करावयाचे आणि उरेल त्यावर पोट भरावयाचे, असा तो व्यवहार होता. वर्षानुवर्षे भाडे भरूनही रिक्षा कधी ओढणाऱ्याची होत नसे. पण ती होईल, असे वचनही त्यास कोणी देत नसे.

जून १९७२ मध्ये तंजोंग पगार येथे कंटेनरचे पहिले जहाज लागले आणि गोदीचे सारे गणित बदलले. जो माल उतरविण्यास शेकडो हमाल लागत, तो यंत्राने उचलून थेट गाडीवर ठेवला जाऊ लागला. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीस सिंगापुरात ‘प्राइम मूव्हर’ म्हणतात. तिच्या बहुतेक चालकांना वाहतूक कंपनीत नोकरी असते आणि मूळ पगारास खेपेगणिक मोबदल्याची जोड मिळते. परंतु नोकरीत राहून वर्षे काढलेल्या चालकाच्या मनात एक विचार येतोच: गाडी स्वतःची असती तर? रोकड तर जवळ नसते. अशा वेळी पुढे येतो तो हप्त्यांचा करार. गाडी आज घ्यावी, ठरावीक वर्षे भाड्याप्रमाणे हप्ते भरावेत, आणि अखेरचा हप्ता भरला की गाडी आपली.

या कराराचा कायदेशीर पाया फार जुना असून, नवल असे की, तो एका पियानोवर उभा आहे. इंग्लंडमध्ये एका गृहस्थाने साडेदहा शिलिंगांच्या ३६ मासिक हप्त्यांवर पियानो घेतला आणि हप्ते पुरे होण्याआधीच तो गहाण टाकला. १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, घेणाऱ्याने पियानो विकत घेतलाच नव्हता. त्याने तो भाड्याने घेतला होता आणि शेवटी विकत घेण्याची केवळ मुभा त्यास होती. म्हणून मूळ मालकास तो परत मिळाला. इंग्रजी कायदा जेथे जेथे गेला तेथे तेथे हे तत्त्वही गेले. पस्तीस हप्ते भरलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच, हे त्यातील मर्म होय. पियानो घरात वाजवावयाचा असतो. मालमोटारीवर कुटुंब पोसावयाचे असते, म्हणून तेथे याच तत्त्वाला निराळी धार येते.

ती धार आकड्यांनी पाहावी. पुढील आकडे केवळ हिशेबापुरते मानलेले आहेत. समजा, चालक दिवसाला ४ खेपा करतो, खेपेस ६० डॉलर मिळतात आणि महिन्यात २४ दिवस काम होते. एकूण प्राप्ती ५,७६० डॉलर. त्यातून हप्ता २,५००, आणि डिझेल, दुरुस्ती, विमा, गाडी उभी करण्याची जागा यांचे २,००० वजा जाता १,२६० उरले. आता दिवसाला एकच खेप कमी झाली. प्राप्ती ४,३२० वर आली, डिझेलचे समजा ३०० वाचले; हप्ता मात्र तोच. हाती उरले १२० डॉलर. काम एक-चतुर्थांशाने घटले, तर घरात येणारे उत्पन्न नऊ-दशांशाने घटले! आणि खेप कमी होण्यास चालकाचा दोष असावाच लागतो असे नाही. बंदराचे फाटक सिंगापुरात फार जलद आहे; १९९७ पासूनच्या यांत्रिक व्यवस्थेने गाडीची तपासणी सुमारे २५ सेकंदांत होते. पण जहाज उशिरा आले, रिकामा कंटेनर परत घेणाऱ्या आगारात रांग लागली, की दिवस तेथेच संपतो. उभ्या गाडीचाही हप्ता चालू असतो.

सिंगापुरात याला आणखी एक पेच आहे. १९९० पासून तेथे कोणतेही नवे वाहन रस्त्यावर आणण्यासाठी लिलावात हक्कपत्र मिळवावे लागते आणि मालवाहू गाड्यांचा गट त्यात वेगळा असतो. हक्कपत्राची मुदत १० वर्षे. म्हणजे मालकीचा दिवस उगवेपर्यंत त्या मालकीचे आयुष्यही कमी होत आलेले असते. हप्ते जितके लांबवावे तितका तो दिवस पुढे जातो आणि पुढे उरणारी वर्षे घटतात. नव्या घराच्या कर्जात असा प्रकार नसतो. घर जुने झाले तरी कोणी त्याचा रस्ता बंद करीत नाही.

तथापि करार मुळातच वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच सिंगापुरात १९७० साली कामगार संघटनांच्या पुढाकाराने ‘कम्फर्ट’ नावाची वाहतूक सहकारी संस्था निघाली. टॅक्सीचालकांना मालकांच्या रोजच्या भाड्यातून सोडवावे आणि हप्त्यांनी टॅक्सी त्यांच्या मालकीची व्हावी, हा तिचा हेतू होता. १९९३ मध्ये संस्थेचे कंपनीत रूपांतर झाले आणि पुढे त्या धंद्यात दैनिक भाड्याचीच पद्धत रूढ झाली, ही गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातही न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून कंटेनरच्या रस्त्यावर हप्त्यांनीच आलेल्या असंख्य गाड्या धावल्या. तेथे गाडीच्या नोंदणीपुस्तकात कर्ज देणाऱ्याचे नाव चढते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५१ प्रमाणे ती नोंद होते, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर ना-हरकत दाखला आणून ‘बोजा उतरविला’ की ती निघते. त्या दिवशी गाडीला हार घालून पेढे वाटणारे चालक कोकणात आणि देशावर पुष्कळ आढळतील. तेथे पैसे देणारा एक असतो व काम देणारे दुसरे. एका व्यापाऱ्याने माल दिला नाही, तर चालक दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

जेथे हे दोघे एकच होतात तेथे अनर्थ होतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांत १ ऑक्टोबर २००८ पासून धूर ओकणाऱ्या जुन्या मालमोटारींस बंदी झाली. हेतू उत्तम होता. नव्या गाड्या घेण्याची ऐपत चालकांत नव्हती. तेव्हा वाहतूक कंपन्यांनी गाड्या घेतल्या आणि त्याच चालकांना त्या भाडे-खरेदीच्या करारावर दिल्या. काम देणारी कंपनी तीच, गाडी देणारीही तीच, आणि आठवड्याच्या मजुरीतून हप्ता, विमा, डिझेल कापून घेणारीही तीच. ‘यूएसए टुडे’ या दैनिकाने २०१७ साली या प्रकाराचा शोध घेतला. आठवडाभर राबून हाती नाममात्र रक्कम पडलेले, क्वचित उलट कंपनीचेच देणेकरी झालेले चालक त्यात आढळले. आजारी पडला, तक्रार केली वा काम सोडले, तर गाडी गेली आणि भरलेले हप्तेही गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने नेमलेल्या अभ्यासगटाने असे करार कायद्याने बंद करावेत अशी शिफारस केली.

मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर कोकणातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांस येथे काही आठवल्यावाचून राहणार नाही. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले; त्या मुदतबंद कराराखाली एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची चाल होती. तेथेही राबविणारा आणि हिशेब ठेवणारा एकच असे. साम्य फार ताणू नये. गिरमिट मोडणाऱ्यास तुरुंग दाखविला जाई. आजच्या चालकास तो धाक नाही, आणि करारावर सही करताना तो बहुधा तो वाचूही शकतो. पण वाचून पाहण्याची कलमे आजही तीच आहेत: मध्येच काम सुटल्यास भरलेल्या पैशाचे काय, कापून घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळेल की नाही, आणि दुसऱ्याचा माल वाहण्याची मुभा आहे की नाही. या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे न देणाऱ्या करारावर सही करण्यापेक्षा महिन्याच्या पगाराची नोकरी शतपटीने बरी.

हार्बरफ्रंटच्या चालकांपुढे तर मुदतीचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. तंजोंग पगारचे कंटेनरकाम २०१७ पर्यंत तेथून हलले. बेटाच्या पार पश्चिम टोकास तुआस येथे नवे बंदर १ सप्टेंबर २०२२ रोजी रीतसर सुरू झाले. तेथे धक्क्यापासून आवारापर्यंत कंटेनर नेणारी वाहने चालकाविना धावतात. केपेल आणि ब्रानी येथील कामही २०२७ पर्यंत तिकडे न्यावयाचे ठरले आहे. बंदराबाहेरच्या रस्त्यावर माणूस लागेलच. पण खेपेचे अंतर, दिवसातील खेपांची संख्या आणि डिझेलचा खर्च यांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर आज गाडी घेणाऱ्या चालकाचा अखेरचा हप्ता, केपेल रस्त्यालगतची ही फाटके बंद झाल्यानंतर भरला जाईल.