सदृश-अंकीय परिवर्तकातील त्रुटी

तापमान, दाब, ध्वनी इ. राशींपासून संवेदकाद्वारे मिळणारे विद्युत् संकेत अखंडपणे बदलत असतात. अशा सदृश संकेताचे अंकांत रूपांतर करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनास सदृश-अंकीय परिवर्तक म्हणतात. त्याची विभेदनक्षमता बिटांच्या (द्विमान अंकांच्या) संख्येवरून ठरते. अचूकता मात्र केवळ त्या संख्येवर अवलंबून नसते.

० ते १० व्होल्ट पल्ल्याच्या १२ बिटी परिवर्तकात ४,०९६ पायऱ्या असून प्रत्येक पायरी सु. २.४४ मिलिव्होल्टची असते. एका पायरीत मोडणाऱ्या सर्व दाबांना एकच अंक मिळत असल्याने आदर्श परिवर्तकातही अर्ध्या पायरीपर्यंत अधिक वा उणी त्रुटी राहते. हिला क्वांटीकरण त्रुटी म्हणतात. डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ मध्ये तिचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले.

प्रत्यक्षातील परिवर्तकात आणखी तीन प्रकारच्या त्रुटी आढळतात : (१) शून्य त्रुटी : हिच्यामुळे सर्व वाचने सारख्याच अंतराने सरकतात. (२) उतार त्रुटी : ही आदान दाबाच्या प्रमाणात वाढत जाते. (३) अरैखिकता : पायऱ्यांची रुंदी असमान असल्याने आलेख सरळ रेषेपासून ढळतो, असमानता फार असल्यास काही अंक मुळीच मिळत नाहीत.

समजा, वरील परिवर्तकाने भट्टीचे ० ते १,०००° से. तापमान मोजावयाचे आहे. येथे एक पायरी सु. ०.२४° से. होते. उतार त्रुटी ०.१ टक्का असल्यास पल्ल्याच्या वरच्या टोकाशी १० मिलिव्होल्ट, म्हणजे सु. ४ पायऱ्या किंवा १° से. इतका फरक पडतो. दर्शकावर पाव अंशाचा बदल दिसत असला, तरी वाचन एका अंशाने चुकलेले असू शकते. त्याऐवजी १६ बिटी परिवर्तक वापरल्यास पायरी सु. ०.०१५° से. होईल, पण उतार त्रुटी तेवढीच असल्यास १° से.चा फरक कायम राहील.

शून्य व उतार या त्रुटी दोन ज्ञात दाबांच्या साहाय्याने अंशशोधन करून बव्हंशी काढून टाकता येतात. अरैखिकतेसाठी अनेक बिंदूंवर दुरुस्ती करावी लागते. तुलनेसाठी वापरलेला संदर्भ दाब दर अंश सेल्सिअसला दशलक्षांश २५ भागांनी बदलत असल्यास २०° से. तापमानबदलाने ०.०५ टक्के नवी उतार त्रुटी उद्‌भवते. म्हणून अंशशोधन कोणत्या तापमानास केले हे नोंदविणे आवश्यक असते. सर्वांत प्रतिकूल स्थितीतील एकूण त्रुटी घटक त्रुटींच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज करून काढतात. परस्परांपासून स्वतंत्र त्रुटींचा संभाव्य परिणाम मात्र त्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने दर्शवितात. परिवर्तकाची निवड बिटसंख्येवरून न करता या एकूण त्रुटीवरून करणे इष्ट असते.