उंच चालक आणि छतातली खिडकी

मारुंजीला राहणाऱ्या माझ्या एका शिक्षक मित्राची उंची सहा फूट एक इंच, म्हणजे सुमारे १८५ सें.मी. आहे. गेल्या वर्षी त्यांनी मोटार घ्यायचे ठरवले. विक्रेत्याकडे जाऊन एक गाडी चालवून पाहिली, ती ऐसपैस वाटली. घरी मुलीने हट्ट धरला, म्हणून त्याच गाडीची सनरूफ असलेली, थोडी महाग आवृत्ती नोंदवली. गाडी हाती आली त्याच संध्याकाळी हिंजवडीकडून घरी येताना एका गतिरोधकावर त्यांचे डोके छताला आपटले. रात्री त्यांचा फोन आला. "गाडी तीच, सीट तीच, मग काय माझं डोकं वाढलं?"

डोके अर्थातच वाढले नव्हते. छत खाली आले होते. बाहेरून मोजले असते तर दोन्ही गाड्यांची उंची सारखीच भरली असती. फरक होता तो पत्रा आणि अस्तर यांच्यामधल्या, एरवी कधीच न दिसणाऱ्या जागेत. ही जागा नेमकी कशी खर्च होते हे पाहण्यासारखे आहे. त्यात वर्गात करता येण्याजोगे थोडे गणितही दडलेले आहे.

आधी साधे छत पाहू. वर पाऊण मि.मी. जाडीचा पोलादी पत्रा. तो थरथरू नये म्हणून त्याच्या खाली आडव्या पट्ट्या. त्यांच्या खाली, पत्र्यापासून एक-दोन सें.मी. अंतरावर, कापड लावलेले कडक अस्तर. झाले छत.

आता यात सरकती काच बसवायची आहे. बंद असताना ही काच पत्र्याच्या पातळीत असते. उघडताना ती आधी किंचित खाली उतरते आणि मग मागे सरकून पत्र्याच्या पोटात शिरते. म्हणजे काच आणि तिची चौकट मावेल एवढी मोकळी जागा पत्र्याच्या खाली ठेवावी लागते. काच ज्यांवरून सरकते ते रूळ आणि तिला ओढणारी केबल हवी. ऊन नको असेल तेव्हा ओढायचा पडदा हवा, आणि त्यालाही सरकायला स्वतःची जागा हवी.

शिवाय पाण्याची सोय करावी लागते. काचेभोवतीच्या रबरी पट्टीतून थोडे पाणी झिरपणार हे गृहीतच धरलेले असते. ते झेलायला चौकटीभोवती पन्हळ असते. पन्हळीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात आणि गाडीच्या खांबांमधून पाणी खाली सोडतात. (मुळशीच्या पावसात या नळ्यांत पालापाचोळा अडकला की पाणी थेट चालकाच्या मांडीवर टपकते. तो दोष काचेचा नसतो, तुंबलेल्या नळीचा असतो.) एवढा सगळा संसार मांडल्यावर मगच अस्तर येते. साहजिकच ते साध्या छतापेक्षा खाली असते. किती खाली, हे गाडीगणिक बदलते, पण दोन ते पाच सें.मी. हा अंदाज धरायला हरकत नाही.

दोन ते पाच सेंटिमीटर! पावणेपाच मीटर लांबीच्या वस्तूत एवढ्याशा अंतराचे काय कौतुक, असे वाटेल. पण पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाच्या डोक्यावर वीतभर जागा शिल्लक असते, तिथे सहा फुटी माणसाच्या डोक्यावर जेमतेम चार-पाच बोटे उरलेली असतात. त्यातली तीन बोटे गेली की काय उरते ते माझ्या मित्राला गतिरोधकाने सांगितले.

मोटार बनवणारे ही जागा मोजतात तरी कशी? माणसांच्या बसण्याच्या तऱ्हा हजार, म्हणून मोजमाप माणसावर न करता ठरावीक वजनाच्या आणि मापाच्या पुतळ्यावर करतात. तो सीटवर बसवला की त्याच्या मांडीचा आणि धडाचा सांधा जिथे येतो त्याला 'एच-बिंदू' म्हणतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीनुसार या बिंदूपासून वर, पण उभ्या रेषेशी ८ अंशांचा कोन करून मागे झुकलेली, एक रेषा छताच्या अस्तरापर्यंत काढतात. तिच्या लांबीत १०२ मि.मी. मिळवले की माहितीपत्रकात छापतात ती 'डोक्यावरची जागा' मिळते. १०२ मि.मी. कशासाठी? माणसाचा खुब्याचा सांधा सीटच्या दबलेल्या पृष्ठभागापासून साधारण तेवढा वर असतो. म्हणजे व्यवहारात हे माप बुडापासून छतापर्यंतचे होते.

या पद्धतीत एक गोम आहे. ती रेषा अस्तराला एकाच ठिकाणी भेटते. तुमचे डोके तिथेच असेल असे नाही. उंच माणसाचे पाय लांब असतात, म्हणून तो सीट मागे सरकवतो. सीटबरोबर डोकेही मागे जाते. आणि नेहमीच्या लहान सनरूफमध्ये मागे काय असते? काच उघडल्यावर जिथे जाऊन लपते ती जागा, म्हणजे छताचा सर्वांत जाड भाग! बुटक्या चालकाच्या डोक्यावर उघडी काच येते, तिथे पडदा मागे सारला तर जागा उलट वाढल्यासारखी वाटते. उंच चालकाच्या वाट्याला मात्र चौकटीची मागची कड येते. ज्याला जागेची गरज सर्वांत जास्त, नेमकी त्याचीच जागा सर्वांत जास्त जाते.

छतभर पसरलेल्या मोठ्या काचेच्या सनरूफमध्ये गणित थोडे बदलते. अशा बऱ्याच रचनांत पुढची काच वर उचलली जाऊन मागच्या काचेच्या वरून सरकते, पत्र्याच्या पोटात शिरत नाही. त्यामुळे पुढे बसणाऱ्यांच्या डोक्यावर फार ओझे येत नाही. पण रूळ कडेला असतात आणि पडद्याची गुंडाळी कुठेतरी आडवी ठेवावी लागते. ती मागे असेल तर मागे बसणाऱ्या उंच प्रवाशाने सांभाळावे. म्हणजे 'मोठे सनरूफ तेवढी जागा कमी' हा सरसकट समज बरोबर नाही. काच कुठल्या दिशेने आणि कशाच्या वरून किंवा खालून सरकते, हे पाहायला हवे.

आपल्या चाकण-पिंपरी पट्ट्याने हा बदल जवळून पाहिला आहे. चाकणच्या कारखान्यातून २०११ साली आलेल्या महिंद्रच्या एक्सयूव्ही ५०० ला सुरुवातीला सनरूफ नव्हते. २०१५ च्या सुधारित आवृत्तीत ते आले. पिंपरीत बनणारी टाटांची हॅरियर २०१९ साली आली तीही सनरूफविना, आणि २०२० मध्ये तिला मोठी काच मिळाली. (माझ्या मित्राची गाडी या दोहोंपैकी नाही.) त्याआधीचा काळ वेगळा होता. १९९१ च्या टाटा सिएराच्या मागच्या खिडक्या वळून छतापर्यंत गेल्या होत्या. उजेड आला, पण त्या काचा सरकत नसल्यामुळे रूळ-पन्हळीचा प्रश्नच नव्हता. १९९८ साली आलेल्या इंडिकाची जाहिरात तर आतल्या ऐसपैसपणावरच होती. त्याच सुमारास सँट्रो आणि वॅगन आर या मुद्दाम उंच ठेवलेल्या लहान गाड्या आल्या. तेव्हा 'आत किती जागा' हे विचारून गाडी घेत असत. आता 'छत उघडते का' हे आधी विचारतात. आवडीला दोष देता येत नाही, पण जागा कुठून आणली हे विचारायला हवे.

आता वर्गातला प्रयोग. मुलांना भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर ताठ बसवा. डोक्यावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून तिची उंची मोजा. ही झाली 'बैठी उंची'. मग उभ्याने उंची मोजा आणि पहिलीला दुसरीने भागा. प्रौढांमध्ये हे गुणोत्तर ०.५२ च्या आसपास येते. तान्ह्या बाळात ते दोन-तृतीयांशाच्या जवळ असते, कारण बाळाचे पाय आखूड असतात. वाढत्या वयात पाय झपाट्याने लांबतात आणि गुणोत्तर उतरत जाते. सारख्या उंचीच्या दोन मुलांची बैठी उंचीही वेगळी येते, कोणाचे धड लांब तर कोणाचे पाय. गाडीच्या छताशी संबंध येतो तो फक्त बैठ्या उंचीचा. म्हणून 'सहा फुटी माणूस या गाडीत मावतो' हे विक्रेत्याचे वाक्य अर्धवट आहे. कोणता सहा फुटी?

माझ्या मित्रांची बैठी उंची या हिशेबाने १८५ × ०.५२ = सुमारे ९६ सें.मी. येते. गाडीत कोणी काटकोनात बसत नाही, पाठ मागे टेकलेली असते. धडाची खुब्यापासून मानेपर्यंतची लांबी ६० सें.मी. धरा आणि पाठ उभ्या रेषेशी २५ अंश झुकलेली माना. मग मानेची खुब्यापासूनची उंची ६० × कोज्या २५° = ५४.४ सें.मी. होते, म्हणजे साडेपाच सें.मी. आयतेच वाचले. डोके आपटते तर पाठ आणखी मागे टाका, असा सल्ला सगळेच देतात. टाकून पाहू या. कोन ३५ अंश केला तर उंची ६० × कोज्या ३५° = ४९.१ सें.मी. होते. आणखी सव्वापाच सें.मी. मिळाले, सनरूफने नेले तेवढे वसूल!

पण थांबा. खांदे मागे किती गेले तेही काढू. २५ अंशांवर ६० × ज्या २५° = २५.४ सें.मी., ३५ अंशांवर ६० × ज्या ३५° = ३४.४ सें.मी. म्हणजे उंचीतले पाच सें.मी. मिळवायला खांदे नऊ सें.मी. मागे न्यावे लागले. हात स्टिअरिंगला पुरेनात म्हणून सीट पुढे घ्या, तर गुडघे डॅशबोर्डला टेकतात. मान पुढे काढून रस्ता पाहावा लागतो आणि ती अर्ध्या तासात दुखू लागते. पाठ फार मागे झुकली की सीटबेल्टचा खांद्यावरचा पट्टा छातीपासून सुटतो आणि अपघातात शरीर पट्ट्याखालून घसरण्याची भीती वाढते. हा सौदा महागच पडतो.

डोके छताजवळ असणे ही केवळ गैरसोय नाही, हे इथे सांगायला हवे. गाडी गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून जाते तेव्हा आपण सीटवरून क्षणभर उचलले जातो. गाडी उलटली तर पट्टा बांधलेला असूनही शरीर काही सें.मी. छताकडे सरकते. मोकळी जागा असते ती या हालचालीसाठी. ती संपली की उरलेला धक्का मान सोसते.

छतातल्या काचेचे आणखी दोन परिणाम जाता जाता पाहू. पाच मि.मी. जाडीच्या काचेचे वजन दर चौ. मीटरला साडेबारा किलो, तर ०.७ मि.मी. पत्र्याचे साडेपाच किलो. (घनता अनुक्रमे २.५ आणि ७.८५ घेऊन मुलांकडून हे काढून घ्या. काच पत्र्यापेक्षा हलकी, असेच बहुतेकांना वाटत असते.) हे वजन, शिवाय मोटर आणि रूळ, गाडीच्या सर्वांत उंच जागी बसतात. दुसरा परिणाम उन्हाचा. भर दुपारी चौ. मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. पाव चौ. मीटर काचेवर २५० वॅट. गडद काच त्यातली बरीच अडवते, पण अडवलेली ऊर्जा शोषून स्वतः तापते आणि खाली उष्णता सोडत राहते. ती डोक्यापासून चार बोटांवर असेल तर टाळूला चांगलेच जाणवते.

आणि उघड्या सनरूफमधून मुलांना उभे करण्याची जी हौस दिसते तिच्याबद्दल पालकसभेत जरूर बोला. ताशी ४० कि.मी. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. गाडी अचानक थांबली तर मुलाचे वरचे शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते आणि पोट चौकटीच्या कडेवर आदळते. संक्रांतीच्या दिवसांत मांजा असतो तो वेगळाच.

मग उंच माणसाने करावे काय? जी आवृत्ती घ्यायची आहे तीच चालवून पाहावी, तिची सनरूफविना बहीण नव्हे. सीट आधी पायांच्या हिशेबाने मागे घ्यावी, सर्वांत खाली करावी, पाठ नेहमीच्या कोनात ठेवावी आणि मग डोके व अस्तर यांच्यामध्ये मूठ उभी धरून पाहावी. ती सहज फिरली पाहिजे. पडदा उघडा आणि बंद, दोन्ही स्थितींत पाहावे आणि डोक्यावर काच येते की चौकट, हे हाताने चाचपावे. सीट वर-खाली करण्याची सोय आहे का हे विचारावे. अनेक गाड्यांत त्यातून पाच-सहा सें.मी. मिळतात.

माझ्या मित्रांच्या सीटला ती सोय निघाली. गाडी देताना ती सर्वांत वर ठेवलेली होती आणि कोणी काही सांगितले नव्हते. खाली केल्यावर तीन बोटे जागा झाली. मूठ अजूनही फिरत नाही. लांबच्या प्रवासाला आता बहुतेक वेळा त्यांच्या पत्नी गाडी चालवतात. बैठ्या उंचीचा प्रयोग मात्र त्यांनी आठवीच्या वर्गात केला. बसल्यावर सर्वांत उंच भरलेली मुलगी उभ्याच्या रांगेत चौथी होती, आणि उभ्याच्या रांगेतला पहिला मुलगा बसल्यावर सहावा.